चाकूर ते मेलबर्न, सरळ

तुम्ही कधी कुणाला, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, अगदी सहज, "तुमचं गाव फार लांब पडतं हो" असं म्हणाला आहात का? खरं सांगा. म्हणाला असाल, तर चाकूरच्या बसस्थानकासमोर सिमेंट-पत्र्याचं एक दुकान आहे, तिथं तुम्हाला खुर्ची मिळणार नाही. पाणी मिळेल, कारण पाण्याला आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही. पण ते उभ्यानं प्यावं लागेल. त्या दुकानाचे मालक म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. ताई त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणते. जगात अंतर मोजणारे पुष्कळ झाले, अंतर कापणारेही झाले. पण अंतर ही गोष्टच अमान्य करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो चाकूरला पत्रे विकतो.

"लांब" या शब्दाला मामांच्या दुकानात बंदी आहे. पत्र्याच्या धंद्यात ही बंदी पाळणं किती अवघड असेल, याचा विचार करा. गिऱ्हाईक विचारतं, "हा पत्रा किती लांब हाय?" मामा म्हणतात, "आडवी उंची इचार." गिऱ्हाईक दोनदा मान हलवतं आणि पत्रा घेऊन जातं, कारण पत्रा चांगला असतो. गावांची अंतरंही ते किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. लातूर म्हणजे एक चहा अन् एक भांडण. नांदेड म्हणजे दोन झोपा, मध्ये लोहा गावाशी जाग येते ती धरून. उदगीर म्हणजे तोंडातलं पान संपेस्तोवर. कुणी म्हणालं की मामा, मला पान खायची सवय नाही, तर ते अत्यंत गंभीरपणे म्हणतात, "मंग तुला उदगीरला जायला जरा जड जाईल."

एकदा पुण्याहून एक पाहुणे लग्नाला आले. गाडीतून उतरले, कमरेवर हात ठेवून मागं वाकले आणि म्हणाले, "मामा, किती लांब राहता हो तुम्ही!" मांडवातली वाजंत्री थांबली होती की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. मामा शांतपणे पुढं झाले. म्हणाले, "आम्ही जिथल्या तिथंच हाव. माझ्या आज्यानं हितं घर बांधलं तवापसून हे गाव इंचभर सरकलं न्हाई. लांब गेलात ते तुम्ही, अन् वरून आम्हालाच इचारून राहिलात?" पाहुणे हसले. म्हणाले, "तसं नव्हे मामा, पुण्यापासून म्हणतोय मी." मामा म्हणाले, "पुण्यापसून पुणं किती लांब हाय? काहीच न्हाई ना? मंग चाकूरपसून चाकूरबी तेवढंच हाय. बसा जेवायला." पाहुणे जेवायला बसले, पण त्या दिवशी त्यांनी मठ्ठा दोनदा मागूनही तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. मामा वाढप्याला म्हणाले, "त्यांना सांग, मठ्ठ्याचं पातेलं जरा दूर हाय."

मी विकासाच्या चळवळीतल्या पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. अनुशेष, उपेक्षा, सापत्नभाव हे शब्द मला बाराखडीच्या आधी आले. पण आमच्या पत्रकांना चार चार पानांत जे सांगता आलं नाही, ते मामांनी त्या मठ्ठ्याच्या पातेल्यात सांगितलं. लांब हा शब्द नेहमी एकाच बाजूनं बोलला जातो, हे कधी लक्षात आलंय तुमच्या? मोठा दवाखाना आमच्यापासून लांब, मोठं न्यायालय लांब, मोठी परीक्षा लांब. आणि तरीही लांबचे आम्हीच. दवाखाना कधी लाजत नाही, की अरेरे, मी या माणसांपासून किती लांब येऊन बसलोय. लाजायचं आम्ही, आणि वर मुक्कामाची सोयही आम्हीच करायची.

मामांना दोन मुलं. थोरला म्हणजे ताईचा नवरा, आमचे दाजी. आणि धाकटी लेक. ती नांदेडला इंजिनिअर झाली, हैदराबादला नोकरी केली, आणि लग्न होऊन ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेली. मामी तिच्या लग्नानंतर वर्षभरानं वारल्या. तेव्हापासून घरातलं बोलणं थोडं कमी झालं आणि दुकानातलं वाढलं. "लेक कुठं दिली?" असं कुणी विचारलं की मामा "उदगीरला" म्हणावं तशा आवाजात "मेलबर्नला" म्हणायचे. समोरचा म्हणायचा, "अगं माय, लई लांब की!" झालं, खुर्ची गेली.

एका दुपारी चष्मा कपाळावर चढवून मामा फोन बघत बसले होते. त्यांना कुठलंसं एक पान सापडलं. त्यात दोन चौकटी असतात. एकीत एका शहराचं नाव घालायचं, दुसरीत दुसऱ्याचं. मग ते पान त्या दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि लागणारा वेळ सांगतं. मामांनी चाकूर घातलं, ते त्याला ओळखता आलं नाही. "अडाणी हाय," असं म्हणत मामांनी लातूर घातलं, आणि दुसऱ्या चौकटीत मेलबर्न. नकाशावर एक लाल रेघ उमटली. लातूरहून उठली, समुद्रावरून वाकली आणि मेलबर्नला टेकली. खाली लिहिलं होतं, साडेनऊ हजार किलोमीटर, विमानानं साधारण बारा तास. आता ते पान बिचारं कुठल्याही दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढतं. तिथून विमान उडतं की फक्त घारी, याची त्याला माहिती नसते. पण मामांना किलोमीटर दिसलेच नव्हते. त्यांना रेघ दिसली होती. फोन माझ्या नाकासमोर धरून ते म्हणाले, "बघ पोरी, मधी कुणीच न्हाई!"

खरंच कुणी नव्हतं. चाकूरहून बाहेर जाणारी प्रत्येक वाट आजवर कुणाच्या तरी दारावरून गेली होती. मुंबईच्या, पुण्याच्या, हैदराबादच्या. ही पहिली वाट अशी निघाली होती की जिला वाटेत कुणालाही नमस्कार करायचा नव्हता. मामांनी ते केलं, जे आमच्याकडं आनंद झाल्यावर करतात. त्यांनी फ्लेक्स लावला. डावीकडं हात जोडलेले मामा, उजवीकडं लेक आणि जावई, दोघांच्या मधे ती लाल रेघ, आणि खाली मोठ्या अक्षरांत: "चाकूर ते मेलबर्न, सरळ. शुभेच्छुक: समस्त चाकूरकर." चौथ्या दिवशी बिलोलीहून एक म्हातारी पोराकडं जायला दुबईचं तिकीट मागायला आली. मामांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "मावशे, विमान अजून निघालं न्हाई. सध्या नुसती रेघ निघालीय. पण रेघ निघाली की मागनं विमान येतंच असतंय."

ते केव्हा येतं हे विचारायला मामा ताईला आणि मला घेऊन लातूरच्या विमानतळावर गेले. फाटकावर एक पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. "कुठं जायचं काका?" मामा म्हणाले, "मेलबर्नला." "हितून?" "मंग कुठून? ही बघा रेघ." पहारेकऱ्यानं फोन हातात घेतला, उन्हापासून आडोसा करून रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट तपासली आणि परत दिला. "काका, रेघ एकदम बरोबर हाय. इमान न्हाई तेवढं." ताईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं मामा खचतील. पण परतीच्या वाटेवर ते भलतेच खुशीत होते. "ऐकलं ना? वर्दीतल्या माणसानं रेघ मान्य केली. अर्धं काम झालं."

आणि मग त्या रेघेवर खरोखरच काहीतरी येऊन पडलं. लेकीला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. मामा लगेच मुराळी व्हायला, म्हणजे लेकीला आणायला निघण्याच्या तयारीला लागले. दुकानातूनच फोन लावला, समोर ताई आणि मी. "ये माय. काय हाय त्यात, बारा तास." पलीकडून ती हसली, मग समजावू लागली. बाबा, ते बारा तास कागदावरचे. इथून घर सोडायचं, विमानतळावर थांबायचं, सिंगापूरला उतरायचं, तिथं थांबायचं, हैदराबादला उतरायचं, मग चाकूरपर्यंत गाडी. सगळं मिळून दीड दिवस. आणि आता डॉक्टर नाही म्हणतात. मामा "हाव, हाव" करत होते. मग ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, लई लांब हाय हो."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. त्या दुकानात तो शब्द बोलून कुणी सुटलं नव्हतं. मामांनी फोन ठेवला, खांद्यावरच्या रुमालानं समोरची रिकामी खुर्ची झटकली, आणि तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लेकीला माहेरी येता येत न्हाई. मंग माहेर जाईल की. माहेराला काय मुळं फुटलीत?"

गावात चर्चा झाली. बाप्या माणसानं बाळंतपण करायचं? जग काय म्हणंल? मामा फ्लेक्सखाली उभं राहून म्हणाले, "काहून? डिंकाचे लाडू काय वळणाऱ्याच्या मिशा बघून फुटतेत?" फुटले नाहीत. पहिला घाणा दगडासारखा झाला, एवढंच; तो त्यांनी दुकानात वजनं म्हणून ठेवला. ताईनं त्यांना शेक, धुरी, काढा सगळं शिकवलं. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ कसं घालायचं, याची तालीम त्यांनी पांढऱ्या सिमेंटच्या लहान पिशवीवर केली. पाणी न घालता, अर्थात. भर दुपारी दुकानात पाय लांब करून बसलेला तो मिशाळ माणूस पिशवीच्या कपाळावरून हात फिरवत "डोळे मीट माय, साबण जाईल" म्हणतोय, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी पुरुषार्थावर पुन्हा मला व्याख्यान देऊ नये.

तिकीट मिळालं ते नेमकं अमावस्येचं. मामा मुहूर्त मानत नाहीत. पण मामी मानायच्या. मामा म्हणाले, "हे बाळंतपण तिचं हाय. मी नुसता हमाल. तिच्या रीतीनं जाईन." मग त्यांनी प्रस्थान ठेवलं. जायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू पुरचुंडीत बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायची. म्हणजे आपण त्या चांगल्या दिवशीच निघालो, असं धरायचं. आणि खरोखर निघताना ती पुरचुंडी उचलून पुढं जायचं. शेजारी शिलाई मशिन दुरुस्त करणारे चाचा राहतात, मामांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्या कोनाड्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड अशी पुरचुंडी गेली. त्यात प्रवाशाची एक वस्तू लागते. लोक रुमाल ठेवतात, टोपी ठेवतात. मामांनी विचार केला की या प्रवासात प्रवाशाची खरी वस्तू एकच. त्यांनी पासपोर्ट ठेवला. आणि कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. चाचांनी घरच्यांना ताकीद दिली, "उसको हात लगाना नक्को. भाई का रिवाज है."

निघायच्या सकाळी अख्खी गल्ली लोटली. हार झाले, नारळ झाला, फ्लेक्सखाली फोटो झाले, आणि प्रत्येक फोटोत चाचा मामांच्या खांद्यावर हात टाकून पुढं उभे. त्या गर्दीत पुरचुंडी कोनाड्यातच राहिली. दाजींनी हैदराबादकडं गाडी काढली. उदगीर गेलं. बिदरला चहाला थांबलो, तेव्हा ताई म्हणाली, "मामा, पासपोर्ट जरा वर काढून ठेवा बरं." मामांनी खिशाकडं नेलेला हात अर्ध्यात थांबला.

"प्रस्थानात हाय."

"अन् प्रस्थान?"

"कोनाड्यात."

दाजींनी चहा ओतून दिला आणि गाडी चालू केली. मामा गाडीच्या पुढं जाऊन उभे राहिले. "गाडी माघारी फिरायची न्हाई. प्रस्थान ठिवलेला माणूस माघारी जात न्हाई."

"बाबा, इमान जाईल ना!"

"जाऊ दे. तिच्या रीतीनं निघालोय मी."

ताई इतक्या वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडली. "अहो मामा, कसली रीत! जे तुमच्या आधी जायला पाहिजे ते चाकूरला बसलंय, अन् तुम्ही एकटेच बिदरला आलात!" रस्त्यावरचे चार कानडी लोकही थांबून ऐकू लागले. लेकीचे दिवस भरत आले होते. हे विमान गेलं, तर पुढचं तिकीट केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता. शेवटी मीच चाचांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हिलो नक्को. मैं लेके आतौं."

आम्ही रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली बसलो. मामा लाडवांच्या पिशवीवर बसले. त्यांची नजर चाकूरकडच्या रस्त्यावर लागली होती. किती तरी वेळ. मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "पोरी, हितून आपलं चाकूर... किती असंल?" पान नाही, झोप नाही, भांडण नाही. साधा प्रश्न, साध्या माणसासारखा. मला आकडा माहीत होता. माझ्यानं सांगवला नाही.

सावल्या पूर्वेकडं सरकू लागल्या, तेव्हा कोथिंबिरीचा एक टेम्पो येऊन थांबला आणि केबिनमधून चाचा उतरले. दाढीत कोथिंबिरीची पानं, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली पुरचुंडी. "गाँठ खोला नैं मैं. तुमारा रिवाज है, तुम खोलो." मामांनी त्यांना मिठी मारली. चाचा त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "जाओ भाई. लंबा रस्ता है, संभालके." तोच बंदीचा शब्द. मामा म्हणाले, "हाव. लंबा तर हाय."

विमान मिळालं. पासपोर्टला हळद लागली होती; विमानतळावरच्या साहेबानं नखानं खरवडून विचारलं, हे काय, तर मामा म्हणाले, "शुभ हाय. राहू द्या." मेलबर्नला आळीव काढून घेतले, परदेशी बी देशात आणता येत नाही म्हणून. मामांनी तिथल्या अधिकाऱ्याला मराठीतच विचारलं, "बी चालत न्हाई म्हणता? मंग माझी लेक कशी काय रुजवून घेतली?" आणि ते बाहेर आले तेव्हा जावई एकटाच उभा होता. सिंगापूर सोडल्यावर कधीतरी, मामा समुद्रावर असताना, नात जन्माला आली होती. मामांनी नंतर मला एवढंच सांगितलं, "मी वर होतो तवा ती खाली आली. रेघेवरच भेट झाली म्हण की."

व्हिसा होता तोवर मामांनी रोज नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. पांढऱ्या सिमेंटपेक्षा ती पुष्कळ हलकी होती म्हणे, आणि पुष्कळ भांडखोर. मग ते परत आले. आता रोज दुपारी दुकानात फोन येतो. तिकडं तोवर संध्याकाळ झालेली असते आणि नात पेंगत असते. मामा पडद्यावर बोट ठेवतात, ती पलीकडून ठेवते. फ्लेक्स अजून आहे. उन्हानं त्यातली लाल रेघ पार उडून गेली, दोन्हीकडची माणसं तेवढी उरली. दाजी काढून टाकू म्हणाले, तर मामा म्हणाले, "रेघ गेली म्हून माणसं काढतेत का?"

गेल्या महिन्यात बिलोलीची ती म्हातारी पुन्हा आली होती. तिकिटाचं काही नाही, सहज. उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "पोरगं लई लांब हाय हो माझं." मी मामांकडं पाहिलं. त्यांनी उठून स्वतःची खुर्ची तिच्यासाठी पुढं ओढली, रुमालानं पुसली. ती गेल्यावर मी विचारलं, मामा, बंदी उठली का? ते उखडले. "उठली कशाला? ज्याचं माणूस तिकडं हाय त्यानं म्हणावं. ज्यानं रस्ता काढला त्यानं म्हणावं. बसल्या जागेवरनं दुसऱ्याला लांब म्हणणाऱ्याला अजूनबी खुर्ची न्हाई."

माझ्या पत्रकांच्या शेवटी मागण्या असतात, ओळीनं, ठळक अक्षरांत. इथं एकच आहे, आणि ती तुमच्याकडं आहे. आमच्याकडचं कुणी कधी तुमच्या दारात येऊन उभं राहील, परीक्षेसाठी, औषधासाठी, नाहीतर पुढच्या विमानासाठी. तेव्हा "फार लांबून आलात" असं म्हणू नका. आधी खुर्ची द्या. मग विचारा, "घरून कधी निघालात?" आणि ते जे सांगतील, तिथून मोजायला सुरुवात करा.